लेटीच्या नावाची काच

मित्रांनो, माझ्यातून पाहिलंत तर समोरचा डोंगर थोडा वाकडा दिसेल. दोष डोंगराचा नाही. मी एक जुनी, फुंकून बनवलेली खिडकीची काच आहे आणि माझ्या अंगात लाटा आहेत. शेजारच्या अकरा काचा नव्या, जुन्या दिसाव्यात म्हणून कारखान्यात मुद्दाम वाकड्या केलेल्या. अमेरिकेत, व्हरमाँटच्या या गावातली ही सगळी सरायच तशी आहे. बांधकाम नवं, थाट दोनशे वर्षांपूर्वीचा. इथली खरी जुनी तेवढी मी, आणि अल्मिरामावशी होती.

जुनी सराय याच जागी होती. तिच्या तळमजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत मी होते. माझ्यातून आधी घोडागाड्या दिसल्या, मग मोटारी. मालकीणबाई मला व्हिनेगरने पुसत आणि पाहुण्यांना कौतुकाने दाखवत. त्यांना दोन मुली, अकरा वर्षांची लेटी आणि सात वर्षांची अल्मिरा.

एका डिसेंबरात आईने पावाचं पीठ मळताना हिऱ्याची अंगठी काढून ठेवली. अल्मिराने ती उचलली आणि माझ्यावर अक्षरं कोरली. लेटीने तिला नुकतंच लिहायला शिकवलं होतं, आणि तिला सगळ्यांत आधी ताईचंच नाव लिहावंसं वाटलं. ओरखडे पडले, पण खरं सांगते, मला दुखलं नाही.

वडिलांनी नाव वाचलं आणि लेटीलाच धरलं. "कबूल करेपर्यंत बाहेर उभी राहा," ते म्हणाले. अल्मिराची भीतीने वाचाच बसली. लेटीनेही तिचं नाव घेतलं नाही. ती बर्फात, माझ्या पलीकडे उभी राहिली. तिचा श्वास माझ्यावर उमटायचा, विरायचा, पुन्हा उमटायचा. आतून अल्मिरा बघत होती. आठ दिवसांत छातीत कफ भरून लेटी गेली.

पुढे सराय पाडली तेव्हा अल्मिरामावशीने मला वाचवलं. तिला माझ्याकडे बघवत नव्हतं आणि मला टाकवतही नव्हतं. तिच्या मुलाने नवी सराय बांधली आणि शोभेसाठी मला वरच्या मजल्यावर बसवलं. डिसेंबरात दुपारी तीनच्या सुमारास ऊन तिरपं होतं. मग लेटीच्या नावाची सावली समोरच्या भिंतीवर पडते आणि हळूहळू सरकत जाते. त्याच वेळी माझ्यावर श्वासाचं गोल धुकं उमटतं, आणि तेही बाहेरून. बाहेर तर पाय ठेवायला जागा नाही, वीस फूट खाली अंगण आहे. म्हणून दर नाताळात मावशी पाइनच्या फांद्यांचं जाडजूड कडं बरोब्बर माझ्यावर टांगून घ्यायची. महिनाभर मी आंधळी.

आमच्या गावात नाताळात जुन्या थाटाची घरं सजवतात आणि लोक ती बघत फिरतात. गेल्या वर्षी त्यात आमची सरायही होती. सजावट गावातल्याच बेकविथबाईंच्या हाती. त्यांनी जिन्याला हिरव्या माळा गुंडाळल्या, खिडकीखिडकीत मेणबत्ती ठेवली आणि माझ्यावरचं कडं काढायला लावलं.

"ते तिथेच राहू दे गं," मावशी म्हणाली.

"अहो मावशी, सगळी गंमत तर त्याच्याखाली झाकलीय. लोकांना भूतच बघायचं असतं."

गावात ऐकलेली गोष्ट त्यांनी पाटीवर लिहून भिंतीला लावली: 'खट्याळ लेटीने आईच्या अंगठीने ही काच खराब केली. शिक्षा झाली, तरी खोड गेली नाही. तीन वाजता तिचं नाव पाहा.'

मावशीने पाटी दोनदा वाचली आणि काठी टेकत ती खाली निघून गेली. मला फार वाईट वाटलं. हे खोटं आता कायमचं लेटीच्या माथी बसणार होतं, आणि मला तर तोंड नाही.

तीन वाजता खोली भरली. लोकांच्या हातात सफरचंदाच्या गरम रसाचे पेले होते. भिंतीवर नाव आलं.

"यंत्र कुठे लपवलंय हो?" एकाने विचारलं आणि हशा पिकला.

"यंत्रबिंत्र काही नाही." मावशी दारात उभी होती. "आणि ती पाटी खोटी आहे. ते नाव मी कोरलं. शिक्षा तिने भोगली, आणि मी याच काचेतून बघत राहिले."

बेकविथबाई हळूच म्हणाल्या, "मावशी, सात वर्षांचं पोर होतात तुम्ही."

"तेव्हा होते. नंतरची सत्त्याहत्तर वर्षं कुणी माझं तोंड धरलं होतं?"

बेकविथबाईंनी पाटी उतरवली. मावशीने भिंतीवर हात टेकला आणि ते नाव तिच्या सुरकुतलेल्या हातावरून सावकाश पुढे गेलं. ती रडत होती. मलाही रडावंसं वाटलं.

वसंतात मावशी गेली. यंदा माझ्यावर कडं नाही. काल तीन वाजता नाव भिंतीवर आलं आणि माझ्यावर श्वास उमटला. एक वर, आणि त्याला खेटून थोडा खाली दुसरा, लहानसा.

मित्रांनो, जुनी काच जपा, असं तर मी म्हणेनच. पण आपली चूक दुसऱ्याच्या माथी बसली असेल, तर तो माणूस असतानाच बोलून टाका. आणि कधी या खोलीत आलात, माझ्यावर धुकं दिसलं, तर लगेच फडकं घेऊन पुसू नका. दोघी बहिणी फार वर्षांनी भेटल्या आहेत.