सरळ केलेली भिंत

हेरिटेज वॉकवाल्यांचं आणि माझं जमत नाही. घोळक्यात एकजण माइकवर बोलणार आणि बाकीचे त्याच्याच डोक्याचे फोटो काढणार. मी आपली एकटी कॅमेरा गळ्यात अडकवून पुंडलिकनगरहून निघते आणि छावणी पायी पालथी घालते. चर्च, उंच ओट्यांचे इंग्रजी बंगले, शेवटी खाम नदीवरचा पूल. मागच्या वर्षीचे फोटो सोबत घ्यायचे आणि त्याच जागी उभं राहून तोच फोटो पुन्हा काढायचा, हा माझा दरवर्षीचा नाद.

या खेपेला नादाबरोबर कामही होतं. पुलापलीकडे इंग्रजांच्या काळातल्या तबेल्याची एक लांबलचक दगडी भिंत तेवढी उरलीय. तिलाच टेकून चार खोल्या बांधल्यात. पहिली माझ्या कडूआत्याची. यंदा पाऊस हटेना, नदीचं पाणी भिंतीच्या पायथ्याला लागलं, आणि बाबांनी आत्याला घरी घेऊन यायला मला पिटाळलं. "तुझं ती ऐकेल," म्हणाले. आत्या कुणाचंच ऐकत नाही, हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे.

पुलावर पोचले तेव्हा भर दुपारी अंधारून आलं होतं. खाली गढूळ पाणी नुसतं सरकत होतं, आवाज न करता. एरवी कठड्यावर कावळे बसलेले असतात. आज एकही नव्हता. मला कसंतरीच वाटलं, पण जुना फोटो समोर धरून मी जागा शोधायला लागले.

जागा जुळेना. कठडा जुळला की भिंत जुळेना. डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, स्वतःवरच चिडले. माझे पाय चुकत नाहीत, असा माझा तोरा. मग फोटोत भिंतीशेजारचा विजेचा खांब दिसला. नदीकडे कललेला. मान वर केली. समोर खांब ताठ उभा होता आणि भिंत खोल्यांवर ओणवी झाली होती.

वाकडी रेघ मला सहन होत नाही, म्हणून घरी बसून फोटो सरळ करायची माझी सवय. मागच्या वर्षी भिंत किंचित तिरकी दिसली, तेव्हा कॅमेराच वाकडा धरला असेल असं समजून मी ती उभी होईपर्यंत अख्खा फोटो फिरवला होता; त्यातच फोटोतला खांब कलला. म्हणजे ती तेव्हाच कलायला लागली होती. आणि तोच फोटो फ्रेम करून मी आत्याला दिला होता.

पळतच गेले. आत्या इस्त्री करत होती.

"आत्या, ऊठ. भिंत कललीय."

"आता तू बी?" तिचा हात थांबला नाही. "शेजारच्या सारजाला बी हेच भ्या. लेकरं घेऊन माहेरी निघाली व्हती. म्या तिला तुझा फोटो दाखिवला. म्हणलं, आमच्या करुणानं काढलाय, बघ, भिंत सुतात सरळ हाय का नाय. मग बसली गुमान."

"अगं, तो मीच सरळ केलाय. कंप्युटरवर."

आत्या खो खो हसली. "भिंत सरळ करती व्हय तू? लई मोठी गवंडी झालीस!"

हिला कसं पटवू? मला रडायलाच आलं. तेवढ्यात फ्रेमकडे लक्ष गेलं. त्याच भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती. वर खिळ्याशी टेकलेली, खालची कड मात्र भिंतीपासून सुटून लोंबत होती.

"आत्या, फ्रेमच्या मागं हात घाल."

"येडी का काय," म्हणत तिनं खालून हात घातला. पंजा सहज आत गेला. तिचं हसू विरलं. हात तसाच ठेवून ती उभी राहिली. वरून बारीक माती तिच्या बांगड्यांवर पडत होती.

"लावली तवा बोट जात नव्हतं गं," ती हळूच म्हणाली.

मग चप्पल न घालताच ती बाहेर धावली आणि शेजारचं पत्र्याचं दार बडवायला लागली. मीही बडवू लागले.

"सारजे, लेकरं घेऊन भाईर ये! फोटो खोटा हाय!"

आतून सारजाबाईचा झोपाळू, निवांत आवाज आला.

"काय बी बोलू नका मावशी. लेकरं आत्ताच निजलीत. अन् फोटो म्या माझ्या डोळ्यानं बघितलाय."