आतल्या बाजूचा फोटो

प्रवासाला निघणार एक आणि त्याची बॅग भरणार दुसरंच कुणीतरी, अशी वाटणी आपल्यापैकी किती घरांत आहे, हे ज्याचं त्यानं मनाशी तपासावं. आमच्या खांबकाकांच्या घरात ती अगदी पक्की होती.

खांबकाका हे अर्थात टोपणनाव. वास्तुकलेच्या कॉलेजात शिकवून ते निवृत्त झाले होते आणि एका दगडी खांबावर तासभर बोलू शकत, म्हणून गल्लीतल्या पोरांनी त्यांना हे नाव बहाल केलं. माणूस मोठा रसिक! दरवर्षी हौशी मंडळींचा एक गट घेऊन परदेशी जायचे. जुनी प्रार्थनास्थळं, बाजार, राजवाडे, त्यांत कोण राहिलं, कसं राहिलं, सगळं बघायचे आणि त्यावर रंगून व्याख्यानं द्यायचे. जग पाहिलेला माणूस. आपले पायमोजे कुठल्या खणात असतात, तेवढं मात्र त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

ते काकू बघायच्या. काकू म्हणजे त्यांची बायको. त्या एकदाही गटाबरोबर गेल्या नव्हत्या. बॅग भरून द्यायच्या, टॅक्सी आली की स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभ्या राहायच्या. टॅक्सी वळेपर्यंत डासांच्या जाळीतून बघायच्या आणि मग ओटा पुसायला घ्यायच्या.

व्याख्यानाची तालीम घरीच होई. भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड, आरामखुर्चीत काकांची आई, म्हणजे आमच्या आजी, आणि बटणापाशी काकू. काका "पुढचं!" म्हणाले की काकूंनी बटण दाबायचं. असं करत करत अर्धं जग त्यांनी त्या भिंतीवर पाहिलं होतं. कधी कपडे वाळत घालताना त्यांचा हात मध्येच थांबे. मनानं त्या कुठल्यातरी लांबच्या अंगणात, कारंज्याच्या काठावर जाऊन बसलेल्या असत. तिथलं पाणी थंड असेल का, एवढंच त्यांना हात लावून बघायचं असे. इतकी साधी इच्छा, पण ती आतल्या आत त्यांना किती छळायची!

त्या संध्याकाळीही तालीम चालली होती. पुढच्या महिन्यात गट वाळवंटाकाठच्या एका जुन्या शहरात जाणार होता. काका तिथे आधी एकदा जाऊन आले होते. भिंतीवर उंच घर होतं आणि त्याच्या वरच्या मजल्यावर नक्षीदार लाकडी जाळीची खिडकी.

"बघा!" काका रंगात आले होते. "घरातल्या बायकांनी रस्त्यावर यायचं नाही, असा त्या काळचा दंडक. त्या या जाळीआडून जग बघायच्या. बाहेरच्याला त्या दिसायच्या नाहीत. काय कारागिरी आहे! पुढचं!"

चित्र बदललं नाही.

"अगं, पुढचं!"

"अहो," काकू म्हणाल्या, "आतून कसं दिसतं?"

"म्हणजे?"

"जाळीच्या आत बसलं की कसं दिसतं? आतला फोटो दाखवा ना."

काकांनी फोटो चाळले. जाळी डावीकडून, जाळी उजवीकडून, जाळी सकाळच्या उन्हात. पण सगळे फोटो रस्त्यावरून काढलेले!

"आत काही बघण्यासारखं नसतं गं," ते जरा ओशाळून म्हणाले. "साध्या खोल्या. जिना अरुंद होता, जेवणाची वेळ झाली होती..."

"मला त्या साध्या खोलीतच बसायचंय," काकू बोलून गेल्या. मग स्वतःच गडबडल्या आणि घाईघाईनं बटण दाबायला गेल्या.

"थांब, दाबू नकोस," आजी खुर्चीतून म्हणाल्या. "बसायचंय म्हणतेय ती. ऐकलंस का रे?"

"तू आजवर कधी बोलली नाहीस!" काका बायकोकडे वळले.

"एकदा बोलले होते. तुम्ही म्हणालात, उन्हातान्हात दगड बघत फिरायचं, तुला कंटाळा येईल." काकूंना हसूही आलं आणि डोळेही भरून आले. "दगडांचा कंटाळा असता, तर इतकी वर्षं इथे बसून बटणं दाबली असती का हो?"

काकांनी नेहमीचं कारण पुढे केलं. "पण आईजवळ कुणीतरी नको का?"

झालं! आजींनी काठी जमिनीवर आपटली.

"माझ्या नावावर बिल फाडू नकोस! आधी तुमची लेक लहान होती म्हणून ही घरी. मग लेकीच्या परीक्षा म्हणून घरी. आता माझे गुडघे. कारणं बदलत गेली, घरी राहणारी मात्र हीच! मला सोबत लागते, कबूल. पण ती सुनेचीच लागते, असं मी कधी म्हटलं? तुझ्या हातचा चहा पिऊन मी काही मरणार नाही."

"आई, अगं..."

"ऐकून घे. तुझे वडील पूल बांधायचे. पूल झाला की पेपरात फोटो यायचा, मी तो कापून ठेवायची. पण एकाही पुलावरून मी चालले नाही. घर कोण बघणार, म्हणायचे. मधोमध उभं राहून खाली पाणी बघायचं, एवढंच मनात होतं माझ्या. आता कुणी न्यायला तयार झालं, तरी पाय कुठून आणू?"

आजी स्वतःच्या गुडघ्यांवरून हात फिरवत राहिल्या.

"त्या शहरातल्या बायकांना कोंडून ठेवलं, त्याची तुला हळहळ वाटते," त्या हळूच म्हणाल्या. "चांगलं आहे. पण घरचीला तू काय वेगळं वागवलंस? दाराला कडी नव्हती, इतकंच."

अरेरे! देशोदेशीचा समाज समजावून सांगणारा हा माणूस, आणि आपल्याच घरात काय चाललंय याचा त्याला पत्ता नव्हता! काकांना एकदम सगळ्या टॅक्सी आठवल्या. दरवेळी बसताना ते पासपोर्ट चाचपायचे. खिडकीत उभं असलेलं माणूस त्यांनी कधी वर मान करून पाहिलं होतं? छे! एकदाही नाही.

त्यांनी तिथल्या तिथे गटाच्या चिटणीसबाईंना फोन लावला. "यंदा गट तुम्ही सांभाळा. माझ्या जागी आमच्याकडून ही येईल."

"खरंच?" पलीकडून आश्चर्यानं आवाज आला. "त्यांची तब्येत सुधारली का? त्या कधी येत नाहीत म्हणून आम्ही समजत होतो, त्या कायम आजारी असतात!"

काकांचं तोंड एवढंसं झालं.

काकूंनी आढेवेढे घेतले. घराचं काय, आईंच्या गोळ्यांचं काय, तुमचं कसं होणार! आजींनी एकेका प्रश्नाला वाटेला लावलं. निघायच्या दिवशी बॅग काकांनी भरली. पायमोज्यांचा खण त्यांना सापडला, आपला सापडला आणि तिचाही.

टॅक्सी आली. काका स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले. खाली काकू टॅक्सीचं दार उघडून थांबल्या आणि त्यांनी वर पाहिलं. डासांच्या जाळीतून त्यांना काही दिसत नसणार. तरी त्यांनी हात हलवला. त्या खिडकीशी मागे राहिलेलं माणूस उभं असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं? टॅक्सी वळली आणि काकांना रडू आवरेना.

मग चहा दोनदा उतू गेला. आजींनी तो मिटक्या मारत प्याला.

काही दिवसांनी काकांच्या मोबाइलवर एक फोटो आला. अंधारी, साधी खोली, जमिनीवर उन्हाचे बारीक ठिपके आणि जाळीच्या भोकांतून दिसणारा रस्ता. पाठोपाठ काकूंचा फोन.

"बसले हो मी आत! खूप वेळ बसले. खाली आपलीच मंडळी उभी होती. सगळ्यांचे कॅमेरे वर, जाळीकडे. मी हात हलवत होते, पण एकालाही दिसले नाही." मग त्या म्हणाल्या, "आईंना सांगा, संध्याकाळी इथल्या पुलावर जाणार आहे. मधोमध उभी राहून पाणी बघीन. त्यांच्या वाटचंही."

काकांनी फोन आजींच्या कानाला लावला आणि ते बाजूला झाले.

मंडळी, आपण लांबच्या देशांतल्या जुन्या रूढी वाचतो, हळहळतो आणि आपल्या घरात तसं काही नाही म्हणून निर्धास्त होतो. कडी नसलेल्या घरातही माणूस अडकून राहतं. ज्याच्या भरवशावर आपण जग बघायला निघतो, त्यालाही जग बघायचं असतं. म्हणून पुढच्या वेळी घराबाहेर पडताना एकदा वर बघा. आणि नुसता हात हलवून निघू नका. परत या आणि विचारा, "या वेळी तू जातेस का? मी थांबतो." पाय चालताहेत तोवर विचारा!