डावा दिवा गुलाबी

"एक मोजा काळा घातलायत, एक निळा," बायको दारातून म्हणाली. "बघून तरी घालत जा."

दिव्याच्या काचेच्या कुपीला उघडं बोट लावायचं नाही. बोटाचं तेल काचेवर राहतं. पेटल्यावर काच तिथंच जास्त तापते आणि तडकते.

'एकाच हातातली. लाल. दोन दारांची.' जुन्या गाडीच्या जाहिरातीत दिव्यांबद्दल अवाक्षर नव्हतं.

वीस हजार व्होल्ट. क्षणभरच.

हे सगळं सकाळी अकराला एका गॅरेजात एकत्र आलं. दोन रंगांचे मोजे घालून आलेल्या त्यांना तिथं सगळे दिवेकाका म्हणत. सदतीस वर्षं त्यांनी गाड्यांचे दिवेच पाहिले. इंजिनवाल्यांना ते 'तेलकट जमात' म्हणत.

जुनी लाल स्पोर्ट्स कार घेऊन आल्या होत्या चित्रकलेच्या निवृत्त बाई.

"मुलगा म्हणाला, या वयात असली गाडी? म्हटलं, मग कुठल्या वयात? डावा दिवा मधेच विझतो हो. आधीचा गॅरेजवाला म्हणाला, अख्खा दिवाच बदला."

"त्याचं काय जातंय सांगायला. बाई, हा झेनॉनचा दिवा, यात तार नसते. एवढ्याशा कुपीत वायू असतो, दोन बाजूंना दोन टोकं. मधल्या फटीतून ठिणगी उडी मारते आणि तशीच पेटून राहते. त्या पहिल्या उडीला वीस हजार व्होल्ट लागतात. ते ही डबी देते, बॅलास्ट. मग ऐंशी-नव्वदवर निवांत चालतं."

"माझ्या वर्गासारखंच. एकदा ओरडलं की तासभर शांत."

काकांनी शटर ओढलं, दिवे लावले. भिंतीवर उजेड आधी फडफडला, मग स्थिरावला.

"रंग दोन्हीकडे सारखा. म्हणजे बल्ब बरे आहेत. डबी गेली."

"सारखा? अहो, उजवा दुधासारखा पांढरा आहे आणि डावा चक्क गुलाबी."

जुना झालेला बल्ब गुलाबी पडतो, हे काकांनीच किती जणांना शिकवलं होतं. पण वर्षभरात त्यांच्या डोळ्यांपुढे सगळ्याच रंगांवर एक पिवळट साय धरली होती. काउंटरवरच्या पुतण्याने मान वर केली. गॅरेज त्याचं. गेल्याच महिन्यात तो म्हणाला होता, "काका, दिसत नसेल तर सांगा. काउंटरवर आरामात बसा." तेव्हापासून 'आराम' या शब्दाची काकांनी धास्ती घेतली होती.

त्यांनी दिवे बंद केले, बल्ब गार होऊ दिले आणि हातमोजे चढवले.

"बाई, भिंतीसमोर उभ्या राहा. रंग तुम्ही सांगायचा."

डावीकडचा बल्ब त्यांनी उजवीकडे बसवला, उजवीकडचा डावीकडे. बोटं एकदाही अडखळली नाहीत.

"आता गुलाबी कुठं?"

"उजवीकडे गेला." थोड्या वेळाने, "विझला. उजवाच."

"झालं तर. दोष बल्बाबरोबर गेला. डबी ठणठणीत आहे आणि अख्ख्या दिव्याची तर गरजच नाही."

त्यांनी कपाटातून दोन नवे बल्ब काढले.

"एकच बिघडलाय ना?"

"एक नवा, एक जुना घातला की दोन डोळ्यांना दोन रंग. गाडी चकणी दिसते. हे जोडीनंच बदलायचे."

पुतण्या जवळ आला. "काका, मघाशी डबी म्हणालात."

"म्हणालो. चुकलो. रंग मला दिसत नाही. दोष सापडतो."

"मग काउंटर…"

"काउंटरला दिवे नसतात. आजपासून रंग तू सांगायचा. उभा राहा तिथं."

पुतण्याने बाईंकडे पाहिलं. बाईंनी सरकून त्याला जागा दिली. काकांनी दोन्ही नवे बल्ब बसवले आणि दिवे लावले.

"पांढरा," तो म्हणाला. "दोन्ही पांढरे."

"बरोबर का, बाई?"

"दहापैकी दहा."

काकांनी शटर वर केलं. उन्हात दिवे लागलेत की नाही तेही कळेना. लाल गाडी वळणापर्यंत गेली, तोवर त्यांनी हातमोजे एकात एक गुंडाळून खिशात ठेवले.

त्याच सकाळी, गॅरेजात येण्याआधी, मोतीबिंदूच्या डॉक्टरांनी त्यांना ऑपरेशनची तारीख दिली होती: गुरुवारी उजवा डोळा, डावा महिन्यानंतर. दोन्ही एकदम करत नाहीत.