वाजत राहिलेला इंटरकॉम

माझी घंटा बंद करायला तुम्ही सांगितलंत, अध्यक्षसाहेब. तीत चिंधी कोंबणारा हात वॉचमनचा होता, हुकूम तुमचा. सभेत मात्र तुम्ही बोट माझ्याकडे केलंत. ठीक आहे. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही. पण आधी माझी गोष्ट ऐकायला बसलेल्या या मुलांना सगळं ऐकू द्या.

मित्रांनो, मी एक जुना इंटरकॉम आहे. या सोसायटीचे सात मजले, अठ्ठावीस घरं आणि फाटकाजवळची वॉचमनची केबिन जोडणारा. प्रत्येक घरात माझा एक पांढरा रिसीव्हर भिंतीला टांगलेला असे. एक नंबर दाबला की खाली केबिनमध्ये पितळी वाटीवर छोटी हातोडी आपटायची आणि वॉचमन उचलायचा. मला बसवलं तेव्हा कोण कौतुक माझं! दोन मजल्यांवरच्या बायका ‘काय चाललंय?’ एवढं विचारायलासुद्धा मला उचलायच्या. पुढे मोबाइल आले. माझ्यावर धूळ बसली, कुणी माझ्यावर पिशव्या अडकवल्या. माणसं लिफ्टमध्ये एकमेकांच्या बुटांकडे बघत उभी राहू लागली.

मला रोज पुसणारा एकच माणूस उरला, चौथ्या मजल्यावरचे टेलरमास्तर. चाळीस वर्षं लोकांच्या खांद्याला टेप लावलेला माणूस. बायको गेली, दुकान विकलं, लेक दूरच्या शहरात. आता माणसाला हात लावायचं कारणच उरलं नव्हतं. दुपारी चार वाजता ते मला उचलत.

“पाणी आलं का हो?”

“टाकी भरून वाहतेय, मास्तर. पोहायला येताय का?”

“येतो. चड्डी शिवायला टाकलीय.”

“कुणाकडे?”

“माझ्याकडेच. म्हणून तर उशीर होतोय.”

एवढंच. मग मास्तर हसत रिसीव्हर ठेवत आणि चहा टाकत. त्यांच्या दिवसभरातलं बोलणं ते एवढंच.

एकदा तुम्ही पार्सल घ्यायला खाली आलात, साहेब, आणि वॉचमन हसताना सापडला.

“गप्पा मारायचा पगार घेतोस का रे?”

“साहेब, म्हातारं माणूस आहे, एकटं...”

“मग त्याला म्हणावं मांजर पाळ. दुपारची घंटा बंद ठेवायची. ज्याला गरज असेल तो येईल खाली.”

घंटा बंद करायचं बटण मला नाही. वॉचमनने टेबल पुसायच्या फडक्याची चिंधी फाडली आणि हातोडी आणि वाटी यांच्या मध्ये कोंबली. दुपारपुरती म्हणून बसवलेली चिंधी दोन दिवसांत कायमची झाली. कुणाची तक्रार आली नाही. बाकी सत्तावीस घरांनी मला उचललंच नव्हतं.

आता माझा गुन्हा सांगतो. खाली घंटा मुकी झाली, पण मास्तरांच्या कानात मी पूर्वीसारखाच वाजत राहिलो. माझी घडणच तशी. तार जोडलेली असली की ‘वाजतंय’ असं सांगायचं. पलीकडे कुणी ऐकतंय का, ते बघायचं नाही. मास्तर वाट बघत आणि स्वतःशीच म्हणत, “कामात असेल बिचारा.” मी सरळ मेलो असतो तर ते तक्रार करायला स्वतः खाली उतरले असते. वाटेत चार माणसं भेटली असती. मी मेलो नाही. खोटं बोलून त्यांना मी अकरा दिवस खुर्चीत बसवून ठेवलं.

बाराव्या दिवशी पडदा लावताना मास्तर स्टुलावरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. सरपटत भिंतीशी आले, वायर ओढून मला खाली पाडलं आणि एक नंबर दाबला. मी वाजलो. खाली हातोडी चिंधीवर थडथडत होती आणि तिच्यापासून हातभर अंतरावर वॉचमन पार्सलांची नोंद करत होता. मास्तर ओरडले नाहीत. फोन तर लागत होता, मग ओरडून लोकांना कशाला त्रास द्यायचा? “उचलतील,” म्हणाले आणि परत दाबलं. रात्र त्यांनी तशीच काढली. सकाळी जिना झाडणाऱ्या मावशींना दाराआडून कण्हणं ऐकू आलं, तोवर मी वाजतच होतो.

मास्तर वाचले. तुम्ही सभा घेतलीत. “यंत्र जुनं झालं होतं, काढून टाका.” वॉचमन मान खाली घालून उभा होता. चिंधी त्याच्या खिशात होती. बाकीच्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन दारं लावली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं माझ्यासारख्याने शेवटी म्हणायचं असतं. मी म्हणणार नाही. मला खुशाल भंगारात टाका, मी त्याच लायकीचा आहे. पण तुमच्या जिन्यात एखादं दार सदा बंद दिसलं तर ते वाजवा. फोन करू नका. हाताने वाजवा आणि ते उघडेपर्यंत थांबा.

आणि अध्यक्षसाहेब, उद्या मास्तर वॉकर घेऊन घरी येताहेत. दवाखान्यातून त्यांनी लेकीकडून निरोप पाठवलाय, “वॉचमनला रागावू नका. फोन वाजत होता, तो जागेवर नसेल.” माझं खोटं त्यांना अजून खरंच वाटतंय. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं. तोंड तुम्हाला आहे. त्यांच्या दारात उभं राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून, चिंधीचं कोण सांगणार? सभेचा ठराव नको. नाव सांगा.