धुऱ्यावरची जागा

"आजबी पानी टाकून राहिले का जी?" कुंदाबाईनं धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, नवऱ्याला विचारलं.

ताराचंदनं कळशी वाकवली. "माना टाकल्या रोपाहिनं. तुले दिसून नाई राहिलं का?"

"बहू सांगून गेली होती ना. चिखल झाला का मरते म्हने."

"तहानेनं बी मरतेच."

सून चेतना आईच्या आजारपणासाठी देवरीला माहेरी गेली होती. धानाच्या एका बांधीत, भाताच्या खाचरात, तिनं मातीचे उंचवटे करून लॅव्हेंडरची रोपं लावली होती. तिचा नवरा गजेंद्र तेव्हाच बोलला होता, "पावसाळाभर जगली तं राहू गावात. नाई तं दिवाळी झाली का रायपूर. दोघंबी."

त्या दिवसापासून ताराचंद रोज रोपं मोजायचा. पाऊस उघडला की ऊन असं पडायचं, की धान उकडताना हंड्यातून निघते तशी वाफ बांधीतून निघायची. रोपं मलूल झाली. उंचवट्यावरून पाणी ओघळतं म्हणून त्यानं उंचवटेच फोडून सपाट केले. पाणी अडवणं एवढंच तर या घराला पिढ्यान्‌पिढ्या येत होतं. तलाव बांधणाऱ्यांचं घर ते. पण जितकं पाणी द्यावं तितक्या माना खाली.

दुपारी चेतना आली ती पिशवी हातात धरूनच बांधीत उतरली. एक रोप उपटलं. मुळी काळी, बुळबुळीत. तिला कुजलेल्या तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा वास.

"मामाजी, उंचवटे कुठं गेले?"

"मीच फोडले. पानी थांबून नाई राहिलं होतं."

"ते थांबू नये म्हनूनच केले होते जी."

ताराचंदनं रस्त्याकडे पाहिलं. "गजेंद्रले सांगशील का वो?"

ती धुऱ्याकडे पाहत होती. तिथं तुरीच्या रांगेत एक करडं-हिरवं रोप ताठ उभं होतं. लावणीच्या दिवशी मोडलं म्हणून तिनंच फेकलं होतं ते.

"म्या खोसलं तिथं," कुंदाबाई म्हणाली. "याहिची कळशी तिथवर पोचली नाई, म्हनून वाचलं."

चेतनानं पिशवी ठेवली, पदर खोचला. "फावडं आना मामाजी. ज्याची मुळी पांढरी हाय, ते समदं धुऱ्यावर."

पांढऱ्या मुळीची थोडीच निघाली. ताराचंद खड्डे करत होता. ही तरी धरतील का? का ह्यांनाही आपलाच हात लागला? शेवटचं रोप लागतं न लागतं तोच रस्त्यावर गजेंद्रची गाडी वाजली.

"मामाजी," चेतना हळूच म्हणाली, "तो लोटा."

त्यानं खाली पाहिलं. पिण्याच्या पाण्याचा भरलेला लोटा त्याच्या हातात होता, रोपाच्या बुडाशी अर्धा कललेला. कधी उचलला, त्यालाच ठाऊक नव्हतं.

गाडी बांधीशी थांबली. ताराचंदनं लोटा तोंडाला लावला आणि एका दमात सगळं पाणी स्वतःच पिऊन टाकलं.