काट्यावरच्या अक्षता

रूपरावांचा फोन आला तेव्हा मेघाने तो तीनदा वाजून बंद होऊ दिला. चौथ्यांदा उचलला.

"मेघा, काट्याचा कम्प्युटर बंद पडून राह्यला. पाच मिनिटं चालते अन् मंग बंद. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या हायेत. येतं का तू?"

"दुसरं कोणी भेटलं नाई वाटते."

"आर्वीत दुसरं हाय कोण आता? ये नं बाप्पा लवकर."

मेघाने एसटी डेपोसमोरच्या आपल्या दुकानाचं शटर ओढलं आणि बॅग खांद्यावर टाकली. जायचं की नाही, हा विचार तिने केलाच नाही. ह्या फोनची ती तीन वर्षं वाट पाहत होती. मशीन असं खोलायचं, अन् असं अर्ध्यावर टाकून यायचं की रूपराव हात जोडत मागे आला पाहिजे, हे तिने हजारदा मनात रंगवलं होतं.

तीन वर्षांपूर्वी हाच वजनकाट्याचा कम्प्युटर तिच्या ताब्यात होता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कापसाच्या जिनिंग कारखान्याचे मॅनेजर रूपराव यांच्याच सांगण्यावरून, तिने तो उघडला, आतली रुई झाडली, प्रोसेसरचा पंखा पुसला, त्याची तार लावली आणि घरच्यांसोबत दीक्षाभूमीला नागपूरला गेली. परत आली तर मदरबोर्ड जळून गेलेला. हिने पंख्याची तारच लावली नाही, असं रूपरावांनी मालकांना सांगितलं. मशीन तिला पाहूसुद्धा दिलं नाही. शिवाय ज्या माइकवरून गाड्यांचे नंबर पुकारतात, त्याच माइकवरून अख्ख्या आवाराला ऐकवलं, "आज काटा बंद. आमच्या मेघाबाईची कृपा."

नोकरी गेली. तिचे वडील रामाजी तिथेच गाठी बांधायच्या प्रेसवर कामाला. त्यांना रोज कोणी ना कोणी विचारायचं, "काऊन रामाजी, तार लावली का?" ते हसून सोडून द्यायचे आणि घरी येऊन न बोलता जेवायचे. पण खरा काटा दुसराच होता. मेघाला स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली. लावली होती ना मी तार? घाईत राहिली तर नसेल? तेव्हापासून कोणतंही मशीन बंद करण्याआधी ती पंख्याची तार तीनदा चाचपायची. गिऱ्हाईक हसायचं. हसो.

काट्याच्या खोलीत कम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक अजून ताजं होतं. दसऱ्याला डबा पाटावर आडवा निजवून मालकांच्या हातून पूजा करायची, ही ह्या जिनिंगची पद्धत. डब्याच्या त्या वर येणाऱ्या बाजूला हवेसाठी बारीक भोकं होती, आणि त्या भोकांच्या बरोबर खाली प्रोसेसरचा पंखा.

मेघाने बटण दाबलं. पंखा चालत नसल्याची सूचना स्क्रीनवर आली. तिने झाकण काढून तार पाहिली, तर जागच्या जागी घट्ट. पंखा मात्र नुसता थरथरत होता, फिरत नव्हता. म्हणजे वीज पोचत होती, काहीतरी अडकलं होतं. तिने मशीन बंद केलं, बॅटरीचा उजेड आत मारला आणि वाकली. पातं आणि कडा यांच्या मधोमध कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा रुतून बसला होता.

ती काही बोलली नव्हती. तिच्या पाठीआड मागच्याला काही दिसतही नव्हतं.

"पुन्हा अक्षताच हाय नं?" मागून रूपराव म्हणाले.

मेघा सरळ झाली. "पुन्हा म्हणजे?"

रूपरावांनी दाराकडे पाहिलं.

"काका, मागच्या वेळीही अक्षताच होत्या?"

"झालं गेलं ते आता कायले उकरतं? अक्षता मालकानं टाकल्या होत्या. त्यांच्या तोंडावर कसा सांगू मी? तुले काय, तू तरणी पोर. दुसरं काम भेटलंच असतं."

हा माणूस चुकला असेल, गैरसमज झाला असेल, असा विचार तिने कधीतरी रात्री त्याच्या बाजूनेही करून पाहिला होता. आता ते सगळं संपलं. तिने स्क्रू ड्रायव्हर बॅगेत टाकला, चेन लावली आणि खुर्चीवर बसली.

"माइक घ्या."

"येडी झाली का? मालक वर हापिसात बसले हायेत."

"मंग तेही ऐकतीन."

बाहेर कोणीतरी हॉर्न दाबून धरला. मग दुसऱ्यानेही. रूपरावांनी घाम पुसला, दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. मेघा हलली नाही. शेवटी त्यांनी माइक उचलला.

"सगळ्यांले कळवतो. तीन वर्षांमागं काटा बंद पडला होता. त्यात मेघाची चूक नोती."

"कशानं पडला ते सांगा."

"पूजेच्या अक्षता पंख्यात गेल्या होत्या."

"अन् तुम्हाले?"

"अन् मले ते माहीत होतं," रूपराव म्हणाले.

खिडकीतून मेघाला प्रेसचं दार दिसत होतं. रामाजी बाहेर येऊन उभे होते, डोक्यावर रुई तशीच. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग काट्याच्या खोलीकडे. बाजूच्या हमालाने त्यांना काहीतरी विचारलं, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

मेघाने चिमट्याने दाणा काढला. पातं शाबूत होतं. बटण दाबताच पंखा फिरायला लागला. रूपरावांनी सुस्कारा सोडला.

"झालं समाधान?"

"नाई." तिने मशीन पुन्हा बंद केलं. "तार लागली का पाहा."

"आता तर चालला..."

"हात घालून पाहा."

रूपराव वाकले. मोठ्या बोटांनी त्यांनी ती बारीक तार चाचपली. "लागली हाय."

"पुन्हा."

"मेघा, बाहेर गाड्या थांबून हायेत."

"थांबतीन. मी तीन वर्षं हेच करून राह्यली." तिने बॅटरीचा उजेड त्यांच्या हातावर धरला. "पुन्हा पाहा."

रूपराव पुन्हा वाकले.