चौथी केबल

बाबांना जाऊन वर्ष होत आलं. त्यांची मोटरसायकल विकायचं ठरलं, पण क्लचची केबल गंजून गेली होती, म्हणून रविवारी सकाळी मी ती बदलायला बसले. बाबा पंप दुरुस्त करायचे, त्यांचं सगळं फिरणं याच गाडीवर. हे कामही त्यांनीच मला शिकवलं. धाकट्या भावाला ते कधी जमलं नाही. तो चहाचा कप घेऊन दारात उभा होता. "मेकॅनिकबाई, गाडी आज मिळणार की पुढच्या जन्मी?"

दाराआडच्या खिळ्याला दोन जुन्या केबली वेटोळं करून टांगलेल्या होत्या. दोन्हींना बाबांच्या अक्षरातली चिठ्ठी: तारीख, आणि खाली एकच शब्द, 'जड'.

तेव्हा ते सारखे म्हणायचे, क्लच जड झालाय. मी केबल काढून उभी टांगायची, वरच्या टोकाला कागदाचा शंकू बांधून तेल सोडायची, खालून थेंब पडेपर्यंत थांबायची. आतली तार आपल्याच वजनानं घसरायची. तरी त्यांना जड. नवी आणली, तीही जड. शेवटी मी म्हणाले, "बाबा, नाचता येईना अंगण वाकडं." तेही हसले. तिसरी केबल मी केवळ त्यांचं मन राखायला आणली. मग एक दिवस त्यांना शर्टाचं बटण लावता येईना, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

केबली चांगल्याच होत्या. हात जात होता.

हा आजार रक्तातून उतरतो, मुलांनी तपासून घ्यावं, असं डॉक्टर म्हणाले. औषध नाही, हेही म्हणाले. भावानं तपासून घेतलं, तो सुटला. डॉक्टरांनी लिहून दिलेला माझा तपासणीचा कागद कपाटात तसाच आहे. औषधच नाही तर कळून करायचं काय, असं मी विचारणाऱ्याला सांगते.

जुन्या केबलच्या टोकाला नवीचं टोक दोऱ्यानं बांधलं आणि जुनी ओढत गेले. नवी तिच्याच वाटेनं येते, कुठे अडत नाही. ही बाबांची युक्ती. तारेच्या टोकाचा मणी हँडलवरच्या लिव्हरच्या खाचेत बसवला, दुसरं टोक इंजिनाजवळच्या आकड्यात अडकवलं, नाण्याच्या जाडीइतकी ढील ठेवली. मग क्लच दाबला.

लिव्हर अर्ध्यावर थांबला.

केबल कुठे मुडपली का, ते हात फिरवून पाहिलं. नव्हती. काढली, टांगली, तेल सोडलं. तार सरसर खाली आली. परत बसवली. दोन बोटांचं काम, मी चारही बोटं लावली होती, तरी लिव्हर अर्ध्यावरच.

"जड आहे," मी म्हणाले. "बघ जरा."

भावानं कप खाली ठेवला आणि दोन बोटांनी क्लच दाबला. लिव्हर अलगद आत गेला. त्यानं सोडला, पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. माझी चेष्टा करायची संधी त्यानं लहानपणापासून कधी सोडलेली नाही. आता तो खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांकडे बघत होता.

"केबलच खराब दिसतेय, ताई," तो म्हणाला. "उद्या दुसरी आणतो."

"आण," मी म्हणाले.